बुधवारी सरपंच झोपते

माझा झोपेतला व्हिडिओ आमच्या तालुक्यात बहुतेक सगळ्यांनी पाहिलेला आहे. तलासरीच्या पंचायत समितीच्या सभागृहात मी खुर्चीत मान मागे टाकून झोपले आहे. तोंड उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला. समोर पडद्यावर पाणी योजनेचे नकाशे चालू आहेत. मागच्या रांगेतल्या कोणीतरी ते मोबाईलवर टिपलं, त्यावर अंगाई लावली, खाली लिहिलं, 'विकास जोरात आहे', आणि सोडून दिलं ग्रुपवर.

मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. माझा नवरा उंबरगावकडच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याला तो मशीनवर उभा असतानाच शेजारच्या माणसाने दाखवला. "तुझी बायको ना रे ही?" म्हणून. नवरा घरी आला, जेवायला बसला. भाकरी खाऊन झाल्यावर म्हणाला, "चांगली झोपली होतीस." त्याने ते चिडवायला म्हटलं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी मला झोपलेलं पाहिलं होतं त्याने, तेसुद्धा दुसऱ्याच्या फोनवर.

सरपंच व्हायच्या आधी मी पाड्यावर बालवाडी चालवायचे, म्हणून अजूनही लोक मला बाई म्हणतात. डोंगराकडचे पाच-सहा पाडे मिळून आमची पंचायत आहे. निवडून आले तेव्हापासून माझा फोन कधी बंद नव्हता. कोणाचा जातीचा दाखला अडला, कोणाची म्हैस हायवेवर गाडीखाली आली, कोणाच्या मुलीला आश्रमशाळेत ताप आला. दिवाळीनंतर अर्धा पाडा मासेमारीच्या बोटींवर नाहीतर वीटभट्टीवर जातो, तर तिथूनही फोन: "बाई, शेठ घरी सोडत नाही, तुम्ही बोला." मी बोलायचे. जेवताना डाव्या हातात फोन असायचा. नदीवर कपडे धुवायला गेले तर दगडावर फोन ठेवलेला असायचा. लोक बाहेरच्यांना कौतुकाने सांगायचे, आमच्या बाईंना कधीही हाक मारा, उभ्या राहतात.

त्या सभेच्या आदल्या दिवशी वरच्या पाड्यावरच्या एका बाळंतिणीला आम्ही झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं होतं आणि जीपमधून डहाणूला दवाखान्यात नेलं होतं. उजाडता उजाडता तिला मुलगी झाली. मी तिथूनच बस पकडून तलासरीला सभेला आले. सभागृहात पंखे होते, अंधार केला होता, नकाशे दाखवणाऱ्या साहेबांचा आवाज एका सुरात होता. मी झोपले.

व्हिडिओ फिरल्यावर आमचे उपसरपंच घरी आले. वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, शांत माणूस, भाताची चांगली शेती आहे त्यांची. ओटीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, ग्रामसभेत हा विषय निघणार. तुम्ही आजारी होता असं सांगा. डॉक्टर ओळखीचा आहे, कागद देईल."

"मी आजारी नव्हते."

"मग त्या बाळंतिणीचं सांगा. तेही खरंच आहे. लोक गप्प बसतील."

ते माझ्या भल्याचंच सांगत होते. पण ते गेल्यावर मी भांडी घासत होते आणि माझा राग वाढत गेला. म्हणजे सरपंचाला झोपायचं असेल तर आधी आजारी पडायला हवं. नाहीतर कोणाचा तरी जीव वाचवायला हवा. नुसतं दमलं म्हणून झोपायची सोय नाही. शेतात माणूस दुपारी झाडाखाली आडवा होतो, त्याला कोणी कागद मागत नाही. बैलालासुद्धा सोडतात. आणि ज्याच्या एका सहीवर सगळ्या पाड्यांचं पाणी, रस्ता, शाळा चालते, त्याने मात्र डोळे ताणून उघडे ठेवायचे. त्या डोळ्यांना समोरचा कागद दिसतो की नाही, हे कोणी विचारत नाही.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. एरवी कोरम भरायला घरोघर जाऊन बोलवावं लागतं. त्या दिवशी माणसं भिंतीवर बसली होती. सडकेकडच्या पाड्यावरचे चार-पाच तरुण पुढे होते. त्यातला एक उठला आणि म्हणाला, "व्हिडिओबद्दल सरपंचांनी खुलासा करावा."

आमची घरची बोली वेगळी आहे. मराठी आम्ही बाजारात आणि ऑफिसात बोलतो. पण मला राग आला की तोंडातून मराठीच येते, कारण भांडायला मी सरकारी कचेऱ्यांतच शिकले.

मी उभी राहिले. "खुलासा असा की मी झोपले होते."

माणसं हसली.

"आजारी होता का, बाई?" उपसरपंच बाजूने म्हणाले. अजून मला वाट करून देत होते.

"नाही. ठणठणीत होते. दमले होते म्हणून झोपले. आणि सगळ्यांसमोर सांगते, यापुढे आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, माझा फोन बंद राहील. घरी कोणी यायचं नाही. त्या दिवशी उपसरपंच काम बघतील. कायद्याने ते त्यासाठीच आहेत."

उपसरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या डोक्यावर हंडा ठेवला.

मग एकच गलका झाला. "सरपंच चोवीस तास असतो!" "मानधन घेता ना?" "निवडून येताना पाया पडायला आला होता तेव्हा बुधवार नव्हता!"

मी म्हटलं, "चोवीस तास तर आपला ट्रान्सफॉर्मरसुद्धा चालत नाही. मी माणूस आहे."

त्यावर बायकांच्या बाजूने जरा हसू फुटलं. मला वाटलं, बायका माझ्या बाजूने आहेत. तेवढ्यात रोजगार हमीच्या कामावर जाणारी एक बाई उठली. माझ्याहून मोठी, अंगाने काटक, कधी सभेत बोललेली नव्हती. तिने मला सरळ विचारलं, "बाय, तुला सुट्टी. आमाला कंदी?"

त्या तरुणांच्या तोंडावर मी दहा उत्तरं फेकली असती, पण तिच्या हाताला फावड्याचे घट्टे होते. मी एवढंच म्हणाले, "तुझा प्रश्न बरोबर आहे. पण मी सुट्टी घेतली नाही म्हणून तुला मिळणार आहे का?"

ती खाली बसली. तिला ते पटलं नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

पहिला बुधवार वाया गेला. मी घरातच राहिले. फोन बंद करून तांदळाच्या कणगीत ठेवला, दार लोटून घेतलं आणि चटईवर पडले. नवऱ्याची रात्रपाळी झाली होती, तो ओटीवर बसून आलेल्यांना परत पाठवत होता. "बाई आहेत का?" "आहे. पण आज नाही." "एक सहीच पाहिजे." "उद्या." मी आत पडून प्रत्येकाचा आवाज ओळखत होते. हा घरकुलवाला. ही निराधार पेन्शनची. एक म्हातारा इतका खोकत होता की मी दोनदा उठून दारापर्यंत गेले. दुपारी नवऱ्याने दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "तू आत जागी, मी बाहेर जागा. याला सुट्टी म्हणायची?"

म्हणून पुढच्या बुधवारी मी गाव सोडलं.

माझी थोरली बहीण बोर्डीला असते. ती आणि तिचा नवरा तिथल्या एका चिकूच्या वाडीत राखणीला आहेत, वाडीतच राहतात. सकाळी मी टमटमने हायवेला उतरले, तिथून डहाणूला जाणारी एसटी धरली. आशागडला बसमध्ये गर्दी चढली. माझ्या शेजारी एक बाजारकरी बाई बसली, मांडीवर टोपली. ती माझ्याकडे बघत राहिली आणि शेवटी अर्ध्या गुजरातीत, अर्ध्या मराठीत म्हणाली, "तमे... तुम्ही त्या झोपलेल्या सरपंच ना?"

पुढच्या सीटवरची दोन डोकी मागे वळली.

"हो," मी म्हटलं. "आजपण झोपायलाच चालले आहे."

ती आधी दचकली, मग इतकी हसली की टोपली घसरली. डहाणूरोडला उतरताना म्हणाली, "माझ्या वाटणीचंपण झोपा."

डहाणूहून मी बोर्डीला पोचले तेव्हा बहिणीने मला बघून आधी विचारलं, "कोण गेलं?" कारण कामाशिवाय मी तिच्याकडे कधी गेलेच नव्हते. लग्न, बारसं, मयत, यातलं काहीतरी असायचं. मी म्हटलं, कोणी नाही गेलं, मीच आले. तिने झाडांच्या खाली एक खाट टाकली, वर गोधडी घातली आणि म्हणाली, "चहा झोपेनंतर." मी लहान होते तेव्हा आई कामाला गेली की हीच मला अशी झोपवायची.

मी झोपले. दुपार सरून गेली तेव्हा जाग आली. आधी कळेचना आपण कुठे आहोत. पाखरांनी टोचलेला एक चिकू खाटेजवळ पडला होता, त्यावर मुंग्या होत्या. मी कितीतरी वेळ त्या मुंग्या पाहत पडून राहिले. त्यांच्यासाठी मला काहीच करायचं नव्हतं.

मग आम्ही दोघी समुद्रावर गेलो. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. सुरूच्या झाडांखाली बसून बहिणीने मला विचारलं, "तुला बोलतात ना लोक?"

"बोलतात."

"मग कशाला करतेस?"

मी म्हटलं, "मागच्या महिन्यात एका विधवा बाईच्या कागदावर मी सही केली. दुसऱ्या दिवशी कळलं, ती सही भलत्याच रकान्यात केली होती. तिला परत तलासरीला खेटा पडला, रोज बुडाला. झोपेत असल्यासारखी काम करत होते मी, ताई. त्यापेक्षा घरी झोपलेली काय वाईट?"

ताई वाळूत बोट फिरवत होती. म्हणाली, "हे सांग की मग त्यांना."

"नाही सांगणार. काम चांगलं व्हावं म्हणून झोपते, हेपण कारणच झालं. मला झोपायचं आहे म्हणून झोपते."

ताईला ते जरा जास्तच वाटलं असावं. ती म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच." आणि उठून चालायला लागली.

असे तीन-चार बुधवार नीट गेले. मग एका बुधवारी नळयोजनेची मोटर जळली. मी बोर्डीहून संध्याकाळी परतले तर दारात माणसं उभी. हंडे घेऊन बायका. पुढे तेच तरुण, आणि त्यांच्यामध्ये आमचे उपसरपंच, शर्ट घामाने भिजलेला.

"बाई असत्या तर दुपारपर्यंत मेकॅनिक आला असता," एक जण म्हणाला.

उपसरपंच माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "मी मेकॅनिकला तीनदा फोन लावला! मेकॅनिक म्हणतो, बाईंनी सांगितलं तरच येतो. मला ओळखतच नाही तो. वीज कंपनीत गेलो, तिथला माणूस म्हणतो, सरपंचांना पाठवा. मी काय करू?"

खोटं कशाला सांगू, त्या वेळी माझा निश्चय डळमळला. त्या बायका जुन्या विहिरीवरून पाणी आणून आल्या होत्या. ती विहीर उतारावर आहे, आणि भरलेला हंडा घेऊन ती चढण कशी वाटते हे मला कोणी सांगायला नको. मी असते तर मोटर त्याच दिवशी चालू झाली असती का? बहुतेक झाली असती.

पण मी माफी मागितली नाही. उपसरपंचांना ओटीवर बसवलं, पाणी दिलं. सगळ्यांसमोर म्हटलं, "मेकॅनिक यांना ओळखत नाही, यात चूक माझ्या झोपेची नाही. इतके दिवस सगळं मीच केलं म्हणून तो यांना ओळखत नाही. उद्या मी अपघातात गेले तर तुम्ही पाणी प्यायचं बंद करणार का?"

"असं अभद्र बोलू नका," उपसरपंच म्हणाले.

"मग ओळख करून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिककडे गेले, पण एकटी नाही. उपसरपंचांना घेऊन गेले आणि त्याला सांगितलं, बुधवारी यांचा शब्द म्हणजे माझा शब्द. मोटर दुपारी चालू झाली. हंड्यांचा तो दिवस मात्र बायकांच्या माथी गेलाच. तो मी पुसून टाकू शकत नाही, आणि पुसला असंही सांगत नाही.

त्याच सुमाराला मी आमच्या जुन्या सरपंचांना भेटायला गेले. माझ्या आधी ते बरीच वर्षं सरपंच होते. त्यांच्या घराला दार होतं, पण ते कधी लावत नसत, असं लोक सांगतात. रस्त्यासाठी ते ठाण्यापर्यंत खेपा घालायचे, तापातसुद्धा. एकदा कचेरीतच त्यांना लकवा मारला. आता उजवी बाजू गेली आहे. सून त्यांना सकाळी ओटीवर आणून बसवते. वाटेने जाणारा प्रत्येक माणूस त्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "असा सरपंच होणार नाही. देह झिजवला बिचाऱ्याने."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनाही बुधवारचं कळलं होतं. बोलणं जड झालंय त्यांचं, शब्द तोंडात अडकतात. ते म्हणाले, "लोक... चिडलेत?"

"चिडलेत."

"मला तेव्हा कोणी थांब म्हटलं असतं... तर मी त्याला मारलं असतं."

मला वाटलं, ते माझ्यावर नाराज आहेत. पण ते पुढे काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. सून वाकली, तिला त्यांचं बोलणं जास्त कळतं. तिने ऐकलं आणि मला सांगितलं, "बाबा म्हणतात, कोणी म्हटलंच नाही."

त्याच वेळी वाटेवरून एक माणूस गेला. त्याने हात जोडले आणि तेच म्हणाला, असा सरपंच होणार नाही. म्हाताऱ्यांनी डावा हात हवेत असा उडवला, जणू माशी हाकलत आहेत.

मग तालुक्यातून बोलावणं आलं. माझ्याविरुद्ध तक्रार गेली होती. गटविकास अधिकारी साहेब नवीन होते, वाईट नव्हते. टेबलावर फायलींची उतरंड, बाजूला बंद डबा, दुपार टळली तरी न उघडलेला. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "सरपंचबाई, वाढवू नका. एवढंच लिहून द्या की पुन्हा असं होणार नाही. मी विषय मिटवतो."

"काय होणार नाही, साहेब? झोप?"

"साप्ताहिक सुट्टीची तरतूद सरपंचाला नाही."

"झोपू नये अशी तरतूद आहे का?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. डोळे लाल होते. "तुम्ही समजता तेवढं सोपं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सूट दिली तर उद्या सगळे मागतील."

"मागू देत की. तुम्हीपण मागा. डबा तरी खा आधी."

बाजूच्या टेबलावरचा कारकून खाली मान घालून हसला. साहेब हसले नाहीत. मी सही न करता उठले. बाहेर पडून हायवेच्या दिशेने चालू लागले. भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. पद जाऊ शकतं. पण सही केली असती तर मी मान्य केलं असतं की माझं अंग पंचायतीच्या मालकीचं आहे, कुलूप, खुर्ची आणि शिक्क्यासारखं. माझ्या आजीच्या वेळच्या बायकांनी जमीनदाराच्या वाडीतली वेठ बंद पाडली. मी ती सरपंचाच्या खुर्चीत बसून स्वतःवर परत कशी लादून घेऊ?

ती तक्रार अजून तशीच आहे. गावात दोन तट पडले ते पडलेच. सडकेकडचे तरुण अजून मला बघून घोरण्याचा आवाज काढतात. उपसरपंच मात्र आता बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून पंचायतीत बसतात आणि म्हणे माझ्यापेक्षा कडक आवाजात फोनवर बोलतात.

आणि ती रोजगार हमीवाली. या उन्हाळ्यात आमच्या डोंगरावर बांध घालायचं काम निघालं. भर दुपारी मला तिचा निरोप आला, कामावर या. गेले तर सगळ्या बायका करवंदीच्या जाळीमागे सावलीत बसलेल्या, फावडी खाली, आणि देखरेख करणारा माणूस उन्हात उभा राहून ओरडत होता. ती मला म्हणाली, "बाय, ऊन उतरल्याबिगर आमी उठणार नाय. तू याला सांग." नियमाप्रमाणे कामावर सावली आणि पाणी द्यावंच लागतं. ते तिथे दिलेलं नव्हतं. मी त्या माणसाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुम्हीच यांना बिघडवलंत." मी म्हटलं, "हो." आणि तिच्या शेजारी जागा होती तिथे बसले. तिने कळशीतलं पाणी पुढे केलं. ती थोड्या वेळाने हाताची उशी करून आडवी झाली, तोंडावर पदर घेऊन. मी बसून राहिले, कारण तो वार सोमवार होता.

पुढच्या निवडणुकीची कुजबुज आता सुरू झाली आहे. उपसरपंच म्हणतात, प्रचारात बुधवारचा विषय काढू नका, लोक विसरतील. मी विसरू देणार नाही. विवळवेढ्याच्या देवीच्या यात्रेला सगळे पाडे जमतात, तिथे प्रत्येकाला तोंडावर सांगणार आहे: मी काम करीन, भांडेन, तुमच्याबरोबर दवाखान्यात बसेन, आणि बुधवारी झोपेन. मत द्यायचं तर हे सगळं धरून द्या. नसेल पटत तर त्याला द्या, जो कधीच झोपत नाही म्हणतो. त्याच्या बायकोला मात्र एकदा विचारून घ्या.